बंडी येऊन राह्यली

कापूस खरेदी केंद्राच्या संगणकाने सकाळी साडेआठ वाजता छापून दिले की आवारात एकेचाळीस बंड्या हजर आहेत. बळीराम खोब्रागडे सरांनी खिडकीतून मोजल्या, तर सात भरल्या. सरांनी चष्मा काढून रुमालाने पुसला, पुन्हा चढवला आणि या वेळी एकेका बंडीवर बोट रोखून मोजल्या. सातच होत्या, आणि त्यांतल्याही एकीचे बैल सोडून मालक चहाला गेला होता.

"नंबर एकशे बारा!" बाहेर केंद्राचा सचिव गोपाल राठोड लाऊडस्पीकरवर ओरडत होता. "एकशे बाराऽ! एकशे बारा, तिसरी अन् आखरी बार!"

एकशे बारा आले नाहीत. कापसाचा दर्जा ठरवणारे ग्रेडर इंद्रजित घोरपडे यांनी हातातल्या यादीवर पट्टी ठेवून लाल रेघ ओढली. अशा रेघा आतापर्यंत अकरा झाल्या होत्या.

"सर," फोनचा रिसीव्हर खांद्यात दाबून धरत कोकिळेने आतून हाक मारली. फोनवरचे निरोप संगणकात टंकण्याचे काम तिचे होते. "हे एकशे बारावाले तं अजून नदीच्या पुलाजवळच्या बूथवरून बोलून राह्यले. म्हनते, बंडी येऊन राह्यली. मंग तुमची मशीन त्याईले हजर काहून दाखवते?"

"यंत्र स्वतःहून काहीही दाखवत नाही, कोकिळा. त्याला जे व्याकरण दिले, त्याप्रमाणे ते वाचते," सर म्हणाले; आणि व्याकरण कोणी दिले होते ते आठवून जरा थांबले.

व्याकरण त्यांनीच दिले होते. तेहेतीस वर्षे तंत्रनिकेतनात यांत्रिकी रेखाटन शिकवून सर निवृत्त झाले आणि बाभुळगावात घर बांधून राहिले, तरी त्यांची पेन्सिल अजून टोकदार असे आणि घरातली भांडीसुद्धा उतरत्या क्रमाने लावलेली असत. त्यांची मुलगी अपेक्षा पुण्याला संगणकाच्या कामात होती. तिने आणि तिच्या मित्रांनी एक विलक्षण साधन बनवले होते. त्याला एखाद्या भाषेच्या व्याकरणाचे नियम लिहून द्यायचे, की ते त्या भाषेतली वाक्ये वाचणारा प्रोग्राम आपला आपण घडवून देई. साधन फुकट वाटायचे होते, आणि शिकणाऱ्यांसाठी त्यासोबत नमुन्याची काही व्याकरणे द्यायची होती.

"बाबा, जो तो बेरीज-वजाबाकीचंच व्याकरण नमुना म्हणून देतो," ती फोनवर म्हणाली होती. "तुम्ही मराठीचं लिहा ना एक. छोटं चालेल, पण खरोखर वापरात येईल असं."

सरांनी दोन महिने घेतले. सत्तावीस नियम लिहिले. वाक्य कशाचे बनते, तर कर्ता आणि क्रिया यांचे; कर्ता कशाचा, तर नामाचा किंवा सर्वनामाचा; असे एकावर एक. आणि ज्या दिवशी ते नियम साधनात घालून त्यांनी पहिले वाक्य टंकले, त्या दिवशी पडद्यावर त्या वाक्याचे झाड उगवले. मूळ वर, फांद्या खाली, आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला एकेक शब्द पानासारखा लटकलेला. सर खुर्चीवरून उठून उभे राहिले. सत्तावीस नियम बोटांवर मोजता येतात. पण त्यांतून किती वाक्ये निघतील याचा हिशेब ते करू गेले, तेव्हा तो कुठे संपेचना.

"अगं, अपेक्षाची आई, इकडे ये!" त्यांनी बायकोला बोलावले. "हे वाक्य मी त्याला शिकवले नव्हते. त्याने ते जन्मात पाहिलेले नाही. तरी त्याला ते समजले!"

रुखमाबाईंनी पदराला हात पुसत पडद्याकडे पाहिले. "मले तं रोजच समजतात तुमची कधी न आयकलेली वाक्यं," त्या म्हणाल्या. "माह्यासाठी कधी उठून उभे नाई राह्यले तुम्ही."

ही गोष्ट सरांचा जुना विद्यार्थी गोपाल राठोड याच्या कानावर गेली. गोपाल रेखाटनात दोनदा नापास झाला होता आणि आता खरेदी केंद्राचा सचिव होता. ती साले अशी होती की व्यापारी गावाकडे फिरकत नव्हते, घरांत कापूस मावत नव्हता आणि केंद्रावर बंड्या मावत नव्हत्या. म्हणून केंद्राने चिठ्ठीची पद्धत काढली होती. नंबर लागलेल्या माणसाने सकाळी फोनवर निरोप द्यायचा. तो आवारात 'हजर' असला तर पुकारा व्हायचा, आणि तीन पुकाऱ्यांना उत्तर आले नाही तर चिठ्ठी रद्द. तो 'वाटेत' असला तर त्याची जागा चार वाजेपर्यंत राखून ठेवायची. निरोप इतके येत की ते वाचून वेगळे करण्यातच गोपालची दुपार होई.

"सर, तुमच्या मशिनीनं हे निरोप वाचले तं माह्यं डोस्कं वाचन," तो म्हणाला होता.

सरांना हवा होता तसा खरा वापर दारात चालून आला. त्यांनी निरोपांचे व्याकरण लिहिले आणि त्याच्या आधी, स्वतःच्या बुद्धीने, शुद्धीकरणाची एक पायरी जोडली. 'मले'चे 'मला' व्हायचे, 'तुले'चे 'तुला', 'हाय'चे 'आहे', 'राह्यली'चे 'राहिली'. अशुद्ध शब्द गाळून मगच वाक्य यंत्राच्या तोंडी पडावे, अशी त्यांची तळमळ होती. दोनशे वाक्ये घालून त्यांनी ते तपासले. एकही चुकले नाही.

"वाक्यं कोणाची होती, बाबा?" अपेक्षाने विचारले होते.

"माझी," सर म्हणाले होते. "निर्दोष होती."

आणि आज त्याचा पहिला दिवस होता.

"कोकिळा, एकशे बाराचा निरोप मला अक्षरशः वाचून दाखव," सर तिच्या टेबलाशी येऊन म्हणाले.

"बंडी येऊन राह्यली."

"बरोबर. म्हणजे 'बंडी येऊन राहिली'. 'येऊन' हे पूर्वकालवाचक. आधीची क्रिया पुरी झाल्यावर पुढची. जेवून निजला, म्हणजे आधी जेवला, मग निजला. तसेच हे. आधी आली, मग राहिली. म्हणजे हजर."

"आली कुठं, सर? येऊन राह्यली!"

"आल्याशिवाय राहील कशी?"

"राह्यली कुठं? येऊन राह्यली नं!"

"कोकिळा, शांतपणे सांग. बंडी आली की राहिली?"

"दोन्ही नाई झालं, सर," कोकिळा रडकुंडीला आली. "ते फकस्त येऊन राह्यली!"

एवढ्यात बाहेर तेरावी रेघ ओढून घोरपडे आत आले. हे साताऱ्याकडचे गृहस्थ, इस्त्रीच्या शर्टातले, परवाच बदलून आलेले. "हा काय प्रकार आहे, राठोड? दोघे जण फाटकातून पळत आले आणि आमची बंडी, आमची बंडी, म्हणून माझ्या अंगावर ओरडायला लागले. मी कोणाच्या बंडीला हात लावलेला नाही. माझी मी घातली आहे."

"साहेब, बंडी म्हंजे बैलगाडी," गोपाल म्हणाला. "आमच्या इकडं बंडीले बैल राह्यतात."

घोरपडे यांनी क्षणभर स्वतःच्या छातीकडे पाहिले. "ते काही असो. यादीत हजर लिहिले आहे, माणसे हजर नाहीत. चिठ्ठ्या रद्द."

"साहेब, यादीतच काही गफलत झाली असं दिसून राह्यलं…"

"राठोड, मला तोंडी काही सांगू नका. पंचवीस वर्षांत मी तोंडी सांगितलेले काही ऐकलेले नाही. यंत्रातून कागदावर येईल तेच मी मानतो. यंत्र म्हणजे यंत्र असते." असे म्हणून ते सरांकडे वळले आणि त्यांनी आदराने मान लववली. "आपले काम पाहून मी थक्क झालो आहे, सर. माणसाला असे नि:पक्षपातीपणे वागता येत नाही."

आयुष्यात एवढी मनापासून स्तुती सरांच्या वाट्याला क्वचितच आली होती. ती ऐकता ऐकता त्यांनी यादीतले पुढचे नंबर वाचून काढले. कारण त्या यादीत एकशे अठरा हा नंबर रामधनचा होता.

रामधन म्हणजे रुखमाबाईंचा धाकटा भाऊ. नेरच्या पलीकडे त्याचे गाव. दिवाळीपासून त्याच्या दोन्ही खोल्या आढ्यापर्यंत कापसाने भरल्या होत्या. घरातली माणसे कापसावर झोपत, कापसावर जेवत. आता त्या कापसात बारीक किडे झाले होते, सगळ्यांच्या अंगाला खाज सुटली होती आणि त्याच्या बायकोला, भागीरथाला, धुळीने खोकला धरला होता. अकरा दिवस वाट पाहून रामधनचा नंबर लागला होता. काल दुपारीच दोन बंड्या जुंपून तो निघाला होता. आज चिठ्ठी रद्द झाली, तर पुढची चिठ्ठी आणखी अकरा दिवसांनी, आणि कापूस पुन्हा त्याच खोल्यांत. रुखमाबाईंनी सकाळी सरांना डबा देताना एवढेच म्हटले होते, "आज माह्या भावाचा कापूस घराबाहेर पडला पाह्यजे. बाकी तुमची मशीन काय करते ते करो."

"एकशे अठराऽ!" बाहेर आवाज आला. "एकशे अठरा, दुसरी बार!"

सर खिडकीशी धावले. "गोपाल, थांब! जरा थांब!"

"कसा थांबू, सर? साहेब बाजूले उभे हायेत!" गोपालने लाऊडस्पीकर तोंडासमोरून न काढताच उत्तर दिले, त्यामुळे ते सगळ्या आवाराला ऐकू गेले. "एकशे अठरा, तिसरी अन् आखरी बार!"

लाल रेघ ओढली गेली. आणि तेवढ्यात कोकिळेने रिसीव्हर पुढे केला. "सर, काकू."

"अजी, काय चालवलं तुम्ही?" पलीकडून रुखमाबाईंचा आवाज इतका स्पष्ट आला की सरांनी रिसीव्हर कानापासून वीतभर दूर धरला. "रामधनचा आत्ता बूथवरून फोन आलता. तो येऊन राह्यला बिचारा रस्त्यानं, अन् तथून येनारे लोक त्याले सांगून राह्यले का नंबर कटून राह्यले! काहून कटून राह्यले? तो रडून राह्यला, भागीरथा तिकडं खोकलून राह्यली, अन् मी अथी फिकिरीनं मरून राह्यली! आयकून राह्यले का तुम्ही?"

सर ऐकत होते. त्यांच्या डोळ्यांपुढे ते वाक्य आपोआप झाडासारखे उलगडत गेले. पूर्वकालवाचकाच्या अकराव्या नियमानुसार रुखमाबाई आधी मेल्या होत्या आणि मग राहिल्या होत्या. रामधन आधी रडला होता आणि मग कोठेतरी मुक्कामाला राहिला होता. आणि ज्या बाईचा मृत्यू नियमानुसार पूर्ण झाला होता, ती फोनवरून त्यांची खरडपट्टी काढत होती.

"अजी, बोला नं! तोंड काहून शिवून राह्यले?"

"मी…" सर म्हणाले. पुढचे शब्द त्यांनी योजले नव्हते. "मी पाहून राह्यलो."

रिसीव्हर ठेवल्यावर त्यांनी स्वतःचे वाक्य मनात पुन्हा एकदा ऐकले. शाळेत मास्तरांनी छडी मारून सोडवलेली आणि तेहेतीस वर्षे फळ्यापुढे उभे राहून त्यांनी जिला घशाखाली दाबून ठेवले होते ती बोली एका हाकेत वर आली होती. आणि ती चुकली नव्हती. 'पाहून राह्यलो' म्हणजे आधी पाहिले, मग राहिलो, असे त्यांना क्षणभरही म्हणायचे नव्हते. ते पाहत होते, आणि पाहणे अजून संपलेले नव्हते. सगळा जिल्हा सकाळपासून रात्रीपर्यंत ज्या काळात जगतो, तो काळच त्यांच्या व्याकरणात नव्हता.

"कोकिळा," ते म्हणाले, "मला खुर्ची दे. आणि आजचे सगळे निरोप तू टंकले तसेच, एक अक्षर न बदलता, ठेवले आहेस ना?"

"हो सर. तुम्हीच म्हनलं होतं, जसं आयकू येते तसं लिही."

सर संगणकापुढे बसले. त्यांनी अठ्ठाविसावा नियम लिहिला. 'ऊन'चे रूप आणि त्यापुढे 'राहणे', दोन्ही मिळून एकच चालू क्रिया. साधनाने तो नियम घेतला, क्षणभर विचार केला आणि हरकत नोंदवली. या जागी दोन वाटा निघतात, त्याने कळवले. जुना नियम आणि नवा नियम, दोन्ही लागू पडतात, कोणता आधी घेऊ? बाहेर सोळाव्या रेघेची पुकार चालली होती. सरांनी नवा नियम जुन्याच्या वर नेऊन ठेवला आणि सकाळपासूनचे सारे निरोप त्यातून पुन्हा वाचून घेतले.

छापणारे यंत्र खरखरत चालू लागले. गोपाल आत धावला, घोरपडे त्याच्यामागून सावकाश आले.

"साहेब, यंत्रातून कागदावर आले आहे," सरांनी कागद पुढे केला. "चौतीस बंड्या वाटेत आहेत. हजर फक्त सात. चूक यंत्राची नव्हती, व्याकरणाची होती. व्याकरण माझे होते."

घोरपडे यांनी कागद वाचून टेबलावर ठेवला. "ठीक आहे. यापुढे ही यादी. पण ज्या चिठ्ठ्या रद्द झाल्या त्या झाल्या. पुकारा नियमाप्रमाणे झाला, मी जातीने हजर होतो आणि मी रेघ ओढली. ओढलेली रेघ मी खोडत नाही."

"साहेब, लोकाईचे हाल होतीन हो," गोपाल काकुळतीने म्हणाला. "अकरा-अकरा दिवस थांबले ते."

"राठोड, तोंडी नको."

सोळा रेघांमध्ये रामधनची एक होती. सरांनी मान खाली घातली, आणि मान खाली घातल्यामुळेच त्यांना कागदाची शेवटची ओळ दिसली. निरोपांच्या यादीत बंड्यांच्या खाली कर्मचाऱ्यांचे निरोपही येत, ही गोष्ट ते विसरले होते.

"कोकिळा," त्यांनी हळूच विचारले, "साहेबांनी सकाळी काय निरोप दिला होता?"

कोकिळेने वाचले. "'घोरपडे बोलतो. मी परवापासून विश्रामगृहात येऊन राह्यलो हाय.'"

"राहिलो आहे, म्हणालो होतो मी," घोरपडे म्हणाले.

"मले राह्यलो आयकू आलं, साहेब."

"आणि 'राहिलो' ऐकू आले असते तरी फरक पडला नसता," सर म्हणाले. त्यांचा आवाज आता अगदी सावकाश झाला होता. "माझी शुद्धीकरणाची पायरी दोन्ही एकच करते. साहेब, यंत्राने आपली नोंद केली आहे. 'ग्रेडर – वाटेत'."

बाहेर एका बैलाने मान हलवली तशी घुंगरे वाजली.

"वाटेत?" घोरपडे म्हणाले. "अहो, मी इथे उभा आहे!"

"साहेब," गोपाल अत्यंत नम्रपणे म्हणाला, "तोंडी नका सांगू."

गोपालने भिंतीवरच्या चौकटीतली नियमावली खाली उतरवली आणि सहावा नियम बोट ठेवून मोठ्याने वाचला. ग्रेडर हजर असल्याची नोंद नसताना झालेला पुकारा ग्राह्य धरला जाणार नाही. "म्हंजे साहेब, सकाळपासून पुकारा झालाच नाई. पुकारा झाला नाई म्हंजे कोनाची चिठ्ठी कटली नाई. तुम्ही वाटेत असतांनी रेघा कोनी मारल्या, हे बी एक इचाराच लागन."

घोरपडे खुर्चीवर बसले. प्रामाणिक माणूस होता. पंचवीस वर्षे ज्या कागदाला त्यांनी देव मानले, तो कागद त्यांना नाही म्हणत होता, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. देवळात गेलेल्या माणसाला मूर्तीने ओळख दाखवू नये, तसा काहीसा धाक होता. "मग मी आता काय करू?" त्यांनी विचारले.

"फोनवर निरोप द्या, साहेब. निरोप फोनवरूनच घ्यावा लागते."

घोरपडे मुकाट्याने उठले आणि फाट्यावरच्या टेलिफोन बूथकडे चालू लागले. खिडकीतून त्यांची पाठ दिसत होती. थोड्या वेळाने फोन वाजला.

"घोरपडे बोलतो. मी हजर आहे."

"साहेब, तुम्ही तं फाट्यावर दिसून राह्यले," कोकिळा खिडकीतून पाहत म्हणाली. "हजर कसे लिहू? खोटी नोंद होईन."

मग कोणीतरी पहिल्यांदा पाण्यात पाय घालावा तसे एकेक शब्द टाकत घोरपडे म्हणाले, "बरं. लिहा. मी… येऊन… राह्यलो."

"वाटेत," सर पुटपुटले. आणि या खेपेला यंत्रही खरे होते, व्याकरणही खरे होते, आणि माणूसही.

ते फाट्यावरून परत येईपर्यंत नेरच्या रस्त्यावर धूळ उठली होती. एकामागून एक बंड्या फाटकातून आत येऊ लागल्या, पांढऱ्या ढिगांवर बसलेली माणसे लांबूनच ओरडत होती, "आलो, आलो! नंबर ठेवा!" त्या गर्दीत घोरपडे अडकले आणि दोन बैलांच्या मधून, शर्टाला कापसाचे तंतू चिकटवून, आत आले. गोपालने त्यांना पाणी दिले. "कोकिळा, लिही," तो म्हणाला. "साहेब आले. बंड्या आल्या." तोंडी सांगितले म्हणून कोणीच हरकत घेतली नाही.

एकशे अठराचा पुकारा झाला तेव्हा रामधनने पहिल्याच हाकेला हात वर केला. घोरपडे यांनी त्याच्या कापसातला एक पुंजका उपसून बोटांत ताणला, उजेडात धरला आणि दर्जा लिहून दिला. रामधनने मान वळवून सरांकडे पाहिले. "भाऊजी," तो म्हणाला, "तुमच्या मशिनीनं मले मारलं अन् जितंबी केलं."

सर पुन्हा संगणकापुढे बसले होते. त्यांनी घोरपडे यांचे सकाळचे वाक्य घातले आणि साधनाला सांगितले की वाट निवडू नकोस, दोन्ही दाखव. पडद्यावर दोन झाडे उगवली. एका झाडात माणूस येत होता; दुसऱ्यात तो येऊन राहिला होता. शब्द तेच, क्रम तोच, पाने तीच. कोठलीही फांदी तुटलेली नव्हती. सरांना वाटले होते की एकात तरी काहीतरी वेडेवाकडे असेल, आणि ते खोडता येईल. तसे काहीच नव्हते. दोन्ही झाडे पुरी होती, आणि त्यांच्या घरात, रस्त्यावर, बाजारात कोणीही माणूस त्यांतले नेमके एक झाड, शब्द कानावर पडतो न पडतो तोच, उचलत होता. कसे उचलतो, ते सरांना सांगता आले नाही. त्यांनी अपेक्षासाठी लिहायच्या टिपणात त्या जागी एक रिकामी ओळ सोडली.

पाच वाजता ते घरी आले. रुखमाबाई फोन ठेवत होत्या. "रामधनच्या बंड्या खाली झाल्या," त्या म्हणाल्या. "येऊन राह्यला तो."

"म्हणजे वाटेत आहे," सर तत्परतेने म्हणाले. आजच्या दिवसात एवढे तरी ते शिकले होते.

रुखमाबाईंनी चहाचे आधण ठेवले. मग पिठाचा डबा उघडून नेहमीपेक्षा दुप्पट पीठ परातीत घेतले. मग खोलीत जाऊन ट्रंकेवरची गादी खाली ओढली.

"अगं, वाटेत असलेल्या माणसाला गादी कशाला?" सरांनी विचारले. "तो येत आहे. चालू क्रिया आहे ती."

"येऊनच राह्यला नं. मी कुठं नाई म्हनून राह्यली? म्हनून तं चहा ठेवला."

"मग गादी?"

"दोन दिवस राहीन तो. भागीरथा दोन्ही खोल्या झाडून, धुवून, सारवून काढल्याबिगर त्याले घरात घेनार नाई. खाजेनं झोप नाई बिचाऱ्याले महिनाभर."

"हे त्याने तुला फोनवर सांगितले?"

"सांगतलं नं."

"काय सांगितले? मला त्याचे शब्द हवेत. जसेच्या तसे."

रुखमाबाईंनी गादीची गुंडाळी दारात टेकवली आणि नवऱ्याकडे, आज यांना काय झाले, अशा नजरेने पाहिले. "ताई, मी येऊन राह्यलो, म्हने."

"आणखी काही?"

"आनखी कायले पाह्यजे?"

सर दिवाणापाशी गेले. तेथे दोन महिन्यांपासून व्याकरणाचे कागद पसरले होते. सत्तावीस नियम, दोनशे निर्दोष वाक्ये आणि त्यांचे आराखडे. एकेक पान त्यांनी गोळा केले, कडा जुळवल्या, आणि गादीला जागा करून दिली.